परवडणारा पिस्टन आणि त्याच्यासोबतचे पत्रक

झिजलेले इंजिन खोलून ते अधिक ताकदीसाठी नव्याने बांधायचे ठरले की बहुतेक भागांच्या बाबतीत थोडीफार सवलत मिळते. क्रँक घासून अंडरसाइझ बेअरिंगवर चालवता येतो, कनेक्टिंग रॉड तपासून पुन्हा वापरता येतात, हेडला नव्या सीट बसवल्या की तेही पुढे बराच काळ साथ देते. पिस्टनला मात्र ही सवलत नाही. सिलिंडर बोअर करून मोठा केला की जुना संच बाजूला ठेवावा लागतो आणि नवा घ्यावाच लागतो. खर्चाचे गणित इथेच डळमळते, कारण एकाच इंजिनासाठी मिळणाऱ्या दोन आफ्टरमार्केट (मूळ कारखान्याबाहेरच्या निर्मात्यांच्या) संचांच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर असू शकते आणि ते अंतर नेमके कशाचे, हे डबा पाहून कळत नाही. इंजिने बांधता बांधता माझे मत असे झाले आहे की किंमत आणि ब्रँड यांच्याही आधी पिस्टनसोबत येणारे मापांचे पत्रक वाचावे. मिश्रधातू कोणता, वजन किती, भिंतीपासून फट किती ठेवायची, माथ्यावरच्या खळग्याचे आकारमान किती आणि पिस्टनचा व्यास नेमका कोणत्या उंचीवर मापायचा, एवढे ज्याने लिहून दिले आहे त्याचा मध्यम किमतीचा पिस्टनही निर्धास्तपणे वापरता येतो. हे पत्रक ज्याच्यासोबत नाही तो पिस्टन कितीही स्वस्त असला तरी मी घेत नाही.

पत्रक वाचण्याआधी आपल्या इंजिनाकडून काय काम घ्यायचे आहे हे मात्र स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे लागते, आणि हीच गोष्ट सर्वांत अवघड आहे. ८६ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तेवढ्याच स्ट्रोकचे (पिस्टनच्या वर-खाली धावेचे), चार सिलिंडरांचे दोन लिटर इंजिन समोर धरू. ते मिनिटाला ७००० फेरे घेते तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २० मीटर होतो. पण पिस्टनला मारक ठरतो तो वेगापेक्षा त्या वेगातला बदल. वरच्या टोकाला पोचून उलट फिरताना त्याला मिळणारे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३००० पट असते. रिंगा आणि पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारा दांडा) धरून पिस्टनचे वजन ४०० ग्रॅम असेल, तर त्या क्षणी पिनच्या बैठकीवर सव्वा टनाच्या आसपास ओढ बसते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी वरून वायूचा दाब जवळजवळ नसतो, त्यामुळे ही ओढ तिथे पूर्णपणे पिस्टनच्या धातूला सोसावी लागते. फेरे ७००० वरून ८००० वर नेले तर वाढ सातवा हिस्सा वाटते, पण ओढ वेगाच्या वर्गाने वाढते आणि जवळजवळ तीस टक्क्यांनी अधिक होते. टर्बोचे इंजिन कदाचित इतके फिरणारही नाही, पण तिथे दाब आणि उष्णता पिस्टनचा माथा आणि पहिल्या रिंगेवरची कड भाजून काढतात. म्हणजे ताकद वाढवण्याचे मार्ग वेगळे, तसे पिस्टनवर येणारे संकटही वेगळे. आपल्याला फेरे वाढवायचे आहेत की बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब), हे न ठरवता ‘मजबूत पिस्टन हवा’ असे म्हणण्याला फारसा अर्थ राहत नाही.

मजबुतीचा विषय निघाला की ओतीव (साच्यात ओतलेला) आणि घडीव (दाबून घडवलेला) हा वाद येतोच. साध्या ओतीव पिस्टनमध्ये ॲल्युमिनियमसोबत सिलिकॉन असते. हे प्रमाण साधारण १२ टक्क्यांच्या पुढे नेले की जास्तीचे सिलिकॉन धातूत विरघळलेले न राहता त्याचे कठीण कण वेगळे दिसू लागतात. १६ ते १८ टक्के सिलिकॉनच्या अशा पिस्टनांना हायपरयुटेक्टिक म्हणतात. ते कमी प्रसरण पावतात, कमी झिजतात, रिंगांच्या खाचा दीर्घकाळ टिकवतात आणि स्वस्तही पडतात. त्यांचा दोष एकच, पण मोठा: ते ठिसूळ असतात. डेटोनेशनचा, म्हणजे मिश्रण स्फोटासारखे अवेळी पेटण्याचा, घाव बसला की घडीव पिस्टन थोडा दबतो, वाकतो, काही काळ तग धरतो. हायपरयुटेक्टिक पिस्टनची कड तुकडा पडूनच सुटते. तरीही ओतीव म्हणजे दुय्यम, असे सरसकट मानणे मला पटत नाही. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट झेड०६ मधले ७.० लिटरचे एलएस७ इंजिन कारखान्यातून ७००० फेऱ्यांच्या मर्यादेसह आणि ५०५ अश्वशक्ती घेऊन येत होते; त्याचे कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे होते आणि पिस्टन मात्र हायपरयुटेक्टिक ओतीव. कारखान्यातल्या अभियंत्यांनी इंधन, स्पार्क आणि मिश्रण यांवर कडक ताबा ठेवला होता, म्हणून त्यांना तो निर्णय घेता आला. याउलट ९००० फेऱ्यांपर्यंत जाणाऱ्या होंडा एस२००० च्या एफ२०सी इंजिनाला घडीव पिस्टन दिले गेले. दोन्ही निर्णय आपापल्या कामाला धरून होते. टर्बो नसलेल्या, रस्त्यावर चालणाऱ्या आणि ट्यूनिंग (इंधन आणि स्पार्कची जुळवणी) नीट केलेल्या इंजिनात चांगला हायपरयुटेक्टिक संच अजिबात कमी पडत नाही, असे मी ठामपणे म्हणेन. बूस्ट चढवायचा असेल किंवा ट्यूनिंगबाबत थोडीही शंका असेल, तर मात्र घडीव पिस्टनसाठी जास्तीचा खर्च करावा.

घडीव पिस्टनांतही दोन घराणी आहेत आणि स्वस्त-महागाच्या चर्चेत हा फरक अनेकदा निसटतो. ४०३२ या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असते. २६१८ मध्ये ते जवळजवळ नसतेच, त्याऐवजी तांबे, मॅग्नेशियम, लोखंड आणि निकेल त्याला बळ देतात. २६१८ हा लवचिक, घाव सोसणारा धातू आहे. त्याच्याच जवळचा भाऊ कॉन्कॉर्ड विमानाच्या सांगाड्यासाठी वापरला गेला होता, कारण सलग तापत्या अवस्थेत काम करण्याची त्याची तयारी असे. पिस्टन हातात घेतल्यावर ही गोष्ट मला नेहमी आठवते आणि त्या करड्या धातूबद्दलचा आदर वाढतो. पण २६१८ जास्त फुगतो. म्हणून आपल्या ८६ मिलिमीटरच्या बोअरमध्ये हायपरयुटेक्टिक पिस्टनला साधारण ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर फट पुरते, ४०३२ ला ०.०६ ते ०.०८ लागते आणि २६१८ ला ०.०८ ते ०.११ पर्यंत द्यावी लागते. हे आकडे अंदाजाचे आहेत. अंतिम शब्द पत्रकाचा. थंड इंजिनात ही जादा फट खडखडाट बनून ऐकू येते आणि रोज सकाळी गाडी थंड सुरू करून जवळच कुठेतरी जाणाऱ्याच्या इंजिनात स्कर्ट (पिस्टनची खालची भिंत) आणि खाचा त्यामुळे लवकर झिजतात. मध्यम बूस्टपर्यंतच्या, रोजच्या वापरातल्या इंजिनासाठी ४०३२ चा तयार साठ्यातला संच हाच मला सर्वांत शहाणा सौदा वाटतो. जेई या पिस्टन निर्मात्याच्या एसआरपी मालिकेसारखे तयार साठ्यातले संच याच विचाराने बनवले जातात: प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळे आरेखन न करता ठरलेल्या मापांत, मोठ्या संख्येने. त्यांची किंमत कमी असते ती या संख्येमुळे, धातूत कसर केल्यामुळे नव्हे.

धातू बदलला की इंजिनाचा स्वभाव बदलतो हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. १९१३ मध्ये ब्रिटिश मोटार अभियंता डब्ल्यू. ओ. बेंटली फ्रान्समधल्या डीएफपी मोटार कारखान्यात गेले असताना त्यांना टेबलावर ॲल्युमिनियमचा एक शोभेचा छोटा पिस्टन पेपरवेट म्हणून ठेवलेला दिसला. त्या काळी पिस्टन बिडाचे असत. बेंटलींनी ८८ टक्के ॲल्युमिनियम आणि १२ टक्के तांब्याचे पिस्टन करवून घेतले, त्यांच्या बळावर इंग्लंडमधल्या ब्रूकलँड्सच्या ट्रॅकवर विक्रम नोंदवले आणि पहिल्या महायुद्धात तीच कल्पना विमानांच्या इंजिनांत पोचली. हलका पिस्टन सगळ्या इंजिनावरचा भार हलका करतो, हा धडा तेव्हापासून आजपर्यंत लागू आहे, आणि म्हणूनच पत्रकावरचे वजन मी पहिल्या वाचनातच पाहतो.

त्याखालोखाल येते कॉम्प्रेशन हाइट, म्हणजे पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, आणि माथ्यावरच्या खळग्याचे किंवा उंचवट्याचे घन सेंटिमीटरमधले आकारमान. या दोन आकड्यांवर कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पटींनी दाबले जाते ते प्रमाण) उभा असतो आणि स्वस्त संचात नेमके हेच आकडे ‘स्टॉकप्रमाणे’ एवढ्या शब्दावर उरकलेले असतात. आपल्या उदाहरणात एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ४९९.६ घन सेंटिमीटर आहे. १०:१ रेशोसाठी वरची पोकळी ५५.५ घन सेंटिमीटर हवी. पिस्टनचा खळगा अपेक्षेपेक्षा फक्त ५ घन सेंटिमीटरने खोल निघाला तर रेशो ९.२६ वर उतरतो. कॉम्प्रेशन हाइट अर्ध्या मिलिमीटरने कमी निघाली तर तो ९.५५ होतो आणि शिवाय पिस्टनचा सपाट भाग हेडच्या सपाट भागापासून दूर राहतो. हे अंतर १ मिलिमीटरच्या आसपास असले की वरच्या टोकाला मिश्रण घुसळले जाते, ज्वाला वेगाने पसरते आणि नॉकिंग, म्हणजे तेच डेटोनेशन, दूर राहते. ते दीड मिलिमीटर झाले की तो फायदा बराचसा जातो. रेशोही कमी आणि नॉकिंगची भीतीही जास्त, असा दुहेरी तोटा इतक्याशा फरकाने पदरी पडतो. म्हणून पत्रकात आकारमान दिलेले असले तरी मी ते ब्युरेटने द्रव मोजून पडताळतो.

बोअर किती वाढवायचा हा प्रश्नही पिस्टनच्या उपलब्धतेशी बांधलेला आहे. पुष्कळ जण ब्लॉक आधी मशीन शॉपमध्ये देतात आणि मग त्या मापाचे पिस्टन शोधत बसतात. क्रम उलटा हवा. पिस्टन हातात यावेत, प्रत्येकाचे माप घ्यावे, मग त्या मापानुसार बोअरिंग आणि शेवटचे होनिंग (भिंतीचे बारीक घासकाम) करून घ्यावे, तेही टॉर्क प्लेट (हेडऐवजी आवळायची जाड प्लेट) लावून, म्हणजे हेड आवळल्यावर सिलिंडर जसा किंचित वेडावाकडा होतो त्याच अवस्थेत तो गोल घासला जाईल. सर्रास वापरल्या जाणाऱ्या ओव्हरसाइझ मापांत पिस्टनही स्वस्त मिळतात आणि रिंगाही. विचित्र मापाला गेलो की दोन्ही ठिकाणी मागणीनुसार बनवण्याचा दर लागतो. शक्य तितका कमी बोअर वाढवावा, कारण भिंतीची जाडी एकदा गेली की परत येत नाही. भिंत कशाची आहे हेही पाहावे. एफ२०सी सारख्या इंजिनांत तंतूंनी बळकट केलेल्या धातूच्या भिंती असतात, त्या कठीण भिंतींवर चुकीच्या स्कर्टचा पिस्टन लवकर झिजतो. १९७१ च्या शेव्हरोले व्हेगामध्ये सिलिंडर लाइनरविना (आतल्या वेगळ्या नळीविना), सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचे होते, म्हणून तिच्या पिस्टनांवर लोखंडाचा मुलामा दिला गेला होता. बिडाच्या सिलिंडरसाठी बनवलेला चांगला पिस्टन अशा भिंतीवर निरुपयोगी ठरतो, मग त्याची किंमत काहीही असो.

स्वस्त पिस्टनमध्ये निर्माता कसर कुठे करतो, हे ओळखायला आले की निवड सोपी होते. माथा सगळ्यांचा चमकतो. कसर असते ती पिनमध्ये, सर्कलिपमध्ये (पिन जागेवर धरणाऱ्या कडीमध्ये) आणि रिंगांच्या खाचांमध्ये. जाड, जड पिन दिली की वरचे सगळे वजन वाढते; पातळ आणि हलक्या प्रतीच्या पोलादाची दिली की ती बूस्टखाली वाकते आणि पिस्टनच्या बैठकीला चीर जाते. खाच तपासायला मात्र कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. नवी रिंग घ्यावी, तिची बाहेरची कड खाचेत टेकवावी आणि पिस्टनभोवती संपूर्ण घेर बोटांनी तिला लोळवत न्यावी. चांगल्या खाचेत ती सर्वत्र सारख्याच मऊपणाने सरकते. एखाद्या ठिकाणी ती अडली किंवा डगमगली, तर खाच तिथे सपाट नाही, आणि तिथूनच पुढे वायू खाली निसटणार व ऑईल वर चढणार. यानंतर मी बोटाचे टोक व्हॉल्व्हसाठी दिलेल्या खळग्यांच्या कडेवरून फिरवतो. मशीनने कापलेली कड धारदार राहिली असेल तर ती इंजिनात लालबुंद होते आणि स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवते. बारीक पॉलिश पेपरने ती कड हाताने गोलसर करायला थोडा वेळ जातो, खर्च जवळजवळ काहीच येत नाही, आणि मध्यम किमतीच्या पिस्टनला महागड्याच्या जवळ नेणारे हे काम मी कधीही दुसऱ्यावर सोपवत नाही.

मापन हा या सगळ्याचा गाभा आहे. पिस्टन गोल दिसतो, पण गोल नसतो. पिनच्या दिशेने तो किंचित अरुंद असतो आणि वरून खाली त्याचा व्यास बदलत जातो, म्हणजे तापल्यावर तो हवा तसा गोल व्हावा. त्यामुळे व्यास मापायचा तो पिनशी काटकोनात आणि स्कर्टवर पत्रकात सांगितलेल्या उंचीवरच. ती उंची काही मिलिमीटरने चुकली तर आकडा बदलतो आणि त्यावरून केलेले होनिंग चुकीचे ठरते. तापमानाचेही तसेच आहे. मापनासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे तापमान प्रमाण मानले जाते. पिस्टन उन्हातून किंवा गरम डब्यातून काढून लगेच मापला आणि तो ब्लॉकपेक्षा १० अंशांनी अधिक तापलेला असेल, तर ८६ मिलिमीटरच्या व्यासात जवळजवळ ०.०२ मिलिमीटरचा फुगवटा येतो. ४०३२ ची सगळी फट ०.०७ असताना हा आकडा किरकोळ म्हणता येत नाही. म्हणून पिस्टन, ब्लॉक, मायक्रोमीटर आणि बोअर गेज हे सगळे एकाच खोलीत रात्रभर राहू द्यावे आणि सकाळी मापायला बसावे. पिस्टन हातात फार वेळ धरू नये. स्कर्टवर ग्रॅफाइटचा लेप असेल तर माप लेपासह धरायचे की लेपाखालचे, हेही पत्रक सांगते, आणि सांगत नसेल तर तो संच परत करण्याइतके कारण मला पुरेसे वाटते.

रिंगची फट, म्हणजे तिच्या दोन टोकांमधले अंतर, हाही असाच विषय. ८६ मिलिमीटरच्या रिंगचा परीघ साधारण २७० मिलिमीटर असतो. ती सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंशांनी अधिक तापली की तिची लांबी सुमारे ०.३ मिलिमीटरने वाढते. टर्बो नसलेल्या इंजिनात वरच्या रिंगला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर फट देतात आणि बूस्टच्या इंजिनात ०.५० च्या आसपास, त्यामागे हाच हिशेब आहे. हायपरयुटेक्टिक पिस्टनांत वरची रिंग अनेकदा माथ्याच्या अधिक जवळ बसवलेली असते, ती अधिक तापते आणि तिला याहून मोठी फट मागितली जाते. ही सूचना दुर्लक्षित केली तर रिंगची दोन टोके एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीत रुतते आणि पिस्टनची वरची कड उखडून काढते. अशा पिस्टनांना ‘फुटतात’ म्हणून जी बदनामी आली आहे, तिच्यातला मोठा वाटा या एका न वाचलेल्या ओळीचा असावा असे मला वाटते.

पिस्टनवर वाचवलेले पैसे कुठे लावायचे हेही खरेदीच्या वेळीच ठरवावे. जुना रॉड प्रेसफिट (रॉडमध्ये घट्ट दाबून बसवलेल्या) पिनचा असेल आणि नवा पिस्टन मोकळ्या पिनचा, तर रॉडला बुश (पिन फिरण्यासाठीची आतली कडी) बसवून घेण्याचा खर्च त्याच संचाच्या नावे मांडावा लागतो. रिंगा संचात आहेत की वेगळ्या, हे पाहावे. मोठा कॅमशाफ्ट असेल तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात इनटेकला किमान २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर अंतर राहते का, हे पिस्टनच्या माथ्यावर मळलेली माती ठेवून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवून तपासावे. उरलेला पैसा होनिंग आणि ट्यूनिंगकडे वळवावा. जळत्या वायूचे तापमान २००० अंशांच्या वर असते आणि ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा धातू ५७७ अंशांच्या आसपास वितळू लागतो. मधली सगळी सुरक्षितता मिश्रण आणि स्पार्कची वेळ यांच्या हातात असते. ती बिघडली तर सर्वांत महाग २६१८ सुद्धा वाचत नाही.

संच निवडताना मी शेवटी एक प्रश्न विक्रेत्याला विचारतो: याच क्रमांकाचा, याच मापाचा, याच वजनाचा एक सुटा पिस्टन पुढे मिळेल का? एखाद्या सिलिंडरला इजा झाली तर चारही बदलावे लागणार असतील, तर आजची बचत फसवी आहे. संच आल्यावर प्रत्येक पिस्टन पिनसह तोलतो आणि सगळ्यांतला फरक एक-दोन ग्रॅमच्या आत नसेल तर तो बदलून मागतो. मग प्रत्येक पिस्टनचे वजन, मापलेला व्यास, त्याच्या सिलिंडरचा व्यास, दोन्हींमधली फट आणि तिन्ही रिंगांच्या फटी त्या इंजिनाच्या वहीत सिलिंडरच्या क्रमाने लिहितो, निर्मात्याचे पत्रक त्याच पानाला जोडतो, आणि त्यानंतरच रिंगा चढवायला घेतो.